पैसे दोन केबलींचे, भिंतीत एकच

घरी इंटरनेटचा तीनशे एमबीपीएसचा (हे नेटचा वेग मोजायचं माप) प्लॅन आहे, कॉम्प्युटर वायरने जोडलेला आहे, आणि स्पीड टेस्ट सकाळी करा नाहीतर मध्यरात्री, आकडा ९४च्या पुढे सरकत नाही. तुमच्याकडे असं होत असेल तर इंटरनेट कंपनीला बोल लावायच्या आधी घरातला नेटवर्क स्विच, म्हणजे राऊटरची लाइन अनेक वायरींना वाटून देणारा डबा, उलटा करा आणि त्याच्या पोटावरचं लेबल वाचा. ९४ हा आकडा उगाच येत नाही. शंभर एमबीपीएसच्या लिंकमधून, म्हणजे जोडणीतून, डेटाची पॅकेटं बांधण्याचा वरखर्च वजा केला की हाती साधारण तेवढंच उरतं. कंपनीच्या लाइनचा दोष असता तर आकडा कधी १४०, कधी २१० असा हलला असता. रोज एकाच ठिकाणी अडतोय, याचा अर्थ अडवणारी वस्तू घरातच आहे.

आमचं घर चिंचवडला, रो-हाऊस, वर दोन मजले. राऊटर खाली हॉलमध्ये. स्लॅब ओलांडून वाय-फाय वर पोचेपर्यंत त्यात जीव राहत नाही. लेकीचं ऑफिसचं काम दुसऱ्या मजल्यावरून चालतं, माझं हिशेबाचं काम पहिल्यावर, आणि माझ्या शेजारच्या खोलीत टीव्ही. म्हणून जिन्याखाली पाच पोर्टचा, म्हणजे वायर लावायच्या पाच खाचांचा, स्विच बसवायचा आणि तिथून तिन्ही खोल्यांत केबल न्यायची असं ठरलं. काम दिलं ते आसपासच्या सोसायट्यांत सीसीटीव्ही बसवणाऱ्या माणसाला. मी त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घेतलं होतं: गिगाबिट (म्हणजे हजार एमबीपीएसचा) स्विच १,८०० रुपये, कॅट सिक्स (गिगाबिट झेपणारी नेटवर्क केबल) प्युअर कॉपर केबल ७५ मीटर, मीटरला ४० रुपये, तीन खोल्यांना तीन स्वतंत्र केबली, मजुरी वेगळी. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं तो आमच्या ह्यांच्याकडे बघून द्यायचा. "काका, टेन्शनच घेऊ नका." काकांना यातलं काहीही कळत नाही, आणि ते त्यांनी त्याला सांगितलंही होतं.

जाताना त्याने रिकामे खोके, केबलचे तुकडे सगळं आवरून नेलं. किती व्यवस्थित माणूस, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. खोक्यावर एमआरपी असते, मॉडेल असतं आणि वेग छापलेला असतो. ते घरात राहू नये यासाठी ती स्वच्छता होती.

मग ९४ सुरू झालं. त्याला फोन केला तर म्हणाला, "मागूनच कमी येतंय, कंपनीला कम्प्लेंट टाका." टाकली. कंपनीचा लाइनमन आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप स्वतःच्या वायरने थेट राऊटरला लावला तर २९० आले. तोच लॅपटॉप स्विचला लावला, ९४. मला म्हणाला, "मावशी, आमचं बरोबर आहे, तुमचा डबा बघा." डब्याच्या खाली बारीक अक्षरांत होतं: १०/१०० एमबीपीएस. गिगाबिट असता तर १०/१००/१००० असतं.

यानंतर ठेकेदाराने जी सारवासारव केली ती इथे सविस्तर सांगते, कारण ती ऐकून भलेभले गप्प बसतील. त्याने मोबाईलवर त्याच मॉडेलचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं: स्विचिंग कपॅसिटी १ जीबीपीएस, म्हणजे हजार एमबीपीएस. "हे घ्या, वन जीबी लिहिलंय की नाही?" लिहिलं होतं, आणि ते खरंही आहे. पण तो आकडा सगळ्या पोर्टांचा मिळून असतो. पाच पोर्ट, प्रत्येकी शंभर, म्हणजे पाचशे. जाणारा आणि येणारा डेटा दोन्ही धरून दुप्पट, म्हणजे हजार. पाच नळांचं पाणी एकत्र मोजायचं, ते दुसऱ्यांदाही मोजायचं, आणि तीच एका नळाची धार म्हणून सांगायची, तसला प्रकार. पाच पोर्टच्या खऱ्या गिगाबिट स्विचवर याच रकान्यात १० जीबीपीएस असतं. स्विच बनवणाऱ्या कंपनीने काही खोटं छापलेलं नाही. खोटं बोलला तो विकणारा. शंभरवाला स्विच पाच-सहाशेत मिळतो, गिगाबिट हजार ते दीड हजारात. आणि आपण दिले अठराशे.

मॉडेल नंबरवरूनही ओळखता येतं. टीपी-लिंकच्या जुन्या मालिकेत एसएफ म्हणजे शंभरवाला आणि एसजी म्हणजे गिगाबिट. डी-लिंककडे डीईएस आणि डीजीएस. फरक एकाच अक्षराचा, त्यामुळे दुकानात ओरडून मागितलं तरी हातात दुसरंच येऊ शकतं.

मी बाजारातून पक्क्या बिलावर दुसरा स्विच आणून लावला. लेकीच्या खोलीत लगेच २८०-२९० यायला लागले. माझ्या खोलीत मात्र ९४च, आणि टीव्हीच्या खोलीतही तेच. खरी चलाखी इथे होती.

केबलच्या टोकाला जो पारदर्शक प्लग असतो, त्यातून आतल्या रंगीत तारा दिसतात. कॅट सिक्समध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. माझ्या खोलीच्या प्लगमध्ये चारच तारा होत्या, टीव्हीच्या प्लगमध्येही चारच. ठेकेदाराने पहिल्या मजल्यावर एकच केबल नेली होती आणि दोन्ही टोकांना तिचे दोन भाग करून नारिंगी-हिरव्या जोड्या मला आणि निळ्या-तपकिरी टीव्हीला दिल्या होत्या. शंभर एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, त्यामुळे दोन्हीकडे नेट चालतं आणि कुणाला शंका येत नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोनच मिळाल्या की लिंक बहुतेक वेळा शंभरवर उतरते, काही उपकरणांत लागतच नाही. म्हणजे त्याने शंभरचा स्विच दिला तो केवळ बाराशे रुपये वाचवायला नव्हे. गिगाबिट स्विच असता तर केबलचं बिंग आधीच फुटलं असतं. काम संपल्यावर त्याने केबल तपासायचा टेस्टर लावून "बघा, लाइट लागतायत" असं दाखवलंही होतं. टेस्टरवर एक ते आठ असे दिवे असतात, प्रत्येक तारेला एक. अर्ध्या केबलीवर १, २, ३ आणि ६ एवढेच लागतात. आठही ओळीने लागले नाहीत तर त्या कामाचे पैसे देऊ नयेत.

मग मी केबलीच्या वरच्या आवरणाकडे वळले. दर मीटरला त्यावर आकडा छापलेला असतो. दुसऱ्या मजल्याच्या केबलीचं एक टोक २१२वर आणि दुसरं २३८वर; पहिल्या मजल्याची २३८ ते २५४. बेरीज ४२ मीटर. पैसे घेतले ७५चे. आयुष्यभर लोकांची व्हाउचरं तपासली, त्यामुळे ही वजाबाकी करताना मला जरा मजाच आली, हे कबूल करते.

तांब्याचं काय झालं तेही सांगून टाकते. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं तर वरचा तांबूस थर जाऊन आत पांढरट चकाकी निघाली. ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार होती. बाजारात तिला सीसीए म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेतं, तार वाकवली की लवकर तुटते, आणि नेटवर्क केबलीच्या मानकांत ती बसतच नाही, मग आवरणावर कॅट सिक्स छापलेलं असो. याच केबलीतून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असेल तर ती तापते, तेव्हा तिथे हा माल घालूच देऊ नका. खोक्याचं वजनही फसवत नाही: ३०५ मीटरचं खोकं एका हाताने सहज उचललं गेलं तर ते तांबं नव्हे.

पैशांचं असं झालं. माझ्याकडे बिल नव्हतं, मागूनही त्याने दिलं नव्हतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर "गिगाबिट" आणि "प्युअर कॉपर" हे शब्द त्याच्याच हातचे होते, आणि पैसे यूपीआयने गेले होते. बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याला पाठवला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तडजोड घडवायचा प्रयत्न करते. पण क्रमांक गेल्यावर स्विचचे अठराशे परत आले, "काकू, गैरसमज झाला" या मेसेजसह. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला म्हणायचं.

केबलीचे पैसे अजून आलेले नाहीत. स्पीड पोस्टाने लेखी मागणी पाठवली आहे. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. नव्या माणसाने जुनी केबल ओढदोरीसारखी वापरून त्याच पाइपातून दोन नव्या आणल्या, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. बाहेर काढलेली जुनी केबल मी प्लगसकट गुंडाळून ठेवली आहे, मीटरचे आकडे स्पष्ट दिसतील अशा फोटोंसह. तुमच्याकडेही असं निघालं तर रागाच्या भरात ती भंगारात देऊ नका.