स्टार ट्रेक ५: देवापर्यंतची वाट फारच सोपी

'स्टार ट्रेक' या अंतराळपटांच्या मालिकेतला पाचवा भाग, 'द फायनल फ्रंटियर' (१९८९), सरळ लावून बसू नका. भाग २, ३ आणि ४ ही एक सलग कथा आहे. ती बघितलेली नसेल तर यानाचा कप्तान कर्क, त्याचे सोबती स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांची शेकोटीपाशी चाललेली थट्टा पोरकट वाटते.

पाचव्यात कर्क झालेला विल्यम शॅटनरच दिग्दर्शक आहे. स्पॉकचा सावत्र भाऊ सायबॉक त्यांचं यान, एंटरप्राइज, ताब्यात घेतो आणि आकाशगंगेच्या मध्याशी देव शोधायला निघतो. विषय मोठा आहे, घोळ आहे तो वाटेत. यल्लम्माच्या दर्शनाला सौंदत्तीला निघालात तर आधी जोगुळभावीत आंघोळ, मग डोंगर. भारत पौर्णिमेला तर रांगेतच दिवस जातो बघा. चित्रपटात मात्र आकाशगंगेच्या मध्याभोवतीच्या ज्या 'ग्रेट बॅरियर' नावाच्या अडथळ्यापलीकडं आजवर कुणी गेलेलं नाही, तो अडथळा यान चहा निवायच्या आत पार करतं. कसं, ते कुणी सांगत नाही. मागोमाग त्यांचे परग्रहावरचे शत्रू क्लिंगॉनही पोचतात, मग काय तर! वाटेला काही मोलच नसल्यामुळं पुढं दिसणाऱ्या देवाचाही धाक वाटत नाही.

त्यात इफेक्ट्स कच्चे. इफेक्ट्स करणारी नेहमीची कंपनी आयएलएम दुसऱ्या कामांत अडकल्यामुळं काम ब्रॅन फेरनच्या कंपनीकडं गेलं. शेवटी खडकांतून दगडी राक्षस उठायचे होते. पैसे कापत कापत ते एकावर आले, आणि त्या एकाचा पोशाखही कॅमेऱ्यापुढं उभा राहीना, म्हणून तोही गाळला. शेवट रिकामा वाटतो तो त्यामुळंच. यानातल्या लिफ्टच्या बोगद्यातले मजल्यांचे आकडेही बघा: ७८ पर्यंत चढतात, आणि ५२ दोनदा येतो. यानावरची अधिकारी उहुरा हिनं पंखे घेऊन केलेल्या नाचाबद्दल न बोललेलं बरं.

तरी एका प्रसंगासाठी चित्रपट बघाच. सायबॉक माणसाचं जुनं दुःख उकरून काढतो आणि भक्त मिळवतो. मॅकॉयला मरणपंथाला लागलेले वडील दिसतात. त्यांचे हाल बघवेनात म्हणून मुलानंच यंत्र बंद केलेलं असतं, आणि थोड्याच दिवसांत त्या आजारावर औषध सापडतं. मॅकॉय झालेल्या डीफॉरेस्ट केलीचा चेहरा तिथं नुसता बघत राहावा. कर्क मात्र आपलं दुःख द्यायला साफ नकार देतो: ते काढून घेतलं तर मी मी राहणार नाही, अशी त्याची भूमिका. बुवाबाजी चालते कशी आणि अडते कुठं, हे या पाचेक मिनिटांत जेवढं कळतं तेवढं पुढच्या सगळ्या गडगडाटात कळत नाही.

जेरी गोल्डस्मिथचं संगीत टीव्हीच्या स्पीकरवर वाया जातं, हेडफोन लावा. आणि देवाला यान कशाला हवं, हा कर्कचा प्रश्न आला की आवाज थोडा वाढवा.