भूस्थिर उपग्रह की खालच्या कक्षेतला? दूरच्या शहराशी रोज बोलणाऱ्यांसाठी

दारापर्यंत इंटरनेटचं फायबर आलेलं असेल तर हा प्रश्न तुमचा नाही. नसेल, तर एकीकडे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह आहे, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरल्यामुळे आकाशात एकाच जागी दिसणारा, आणि दुसरीकडे स्टारलिंकसारखा, ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणारा उपग्रहांचा ताफा. मी दोन्ही वापरले आहेत. डाउनलोडचा वेग आणि डेटाची मर्यादा जाहिरातीत वाचता येते, म्हणून इथे फक्त उशिराबद्दल लिहितो.

लंडनहून निघालेला आवाज भूस्थिर उपग्रहावरून न्यूयॉर्कला पोचतो तेव्हा तो वर-खाली मिळून सुमारे ७८ हजार किलोमीटर कापतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागतो, आणि उत्तराला आणखी पाव. शेजारच्या गावाशी बोललात तरी जवळपास तेवढाच. दोन्ही शहरं एका उपग्रहाच्या टप्प्यात नसली आणि दुसऱ्या उपग्रहाचा फेरा पडला, तर सगळं दुप्पट.

अर्धा सेकंद कागदावर किरकोळ दिसतो. बोलताना मात्र तो छळतो. तुमचं वाक्य संपतं, समोरून काहीच येत नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून तुम्ही पुन्हा सुरू करता आणि नेमकं तेव्हाच उत्तर येऊन आदळतं. मग दोघंही थांबतात आणि दोघंही एकदमच ‘बोला, बोला’ म्हणतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहसा अडखळत नाही; भूस्थिर उपग्रह ती मर्यादा नुसत्या अंतरानेच ओलांडतो. कामाचं बोलणं निभावून नेता येतं. पण नाजूक विषय निघाला की ती रिकामी जागा भलताच अर्थ सुचवते: समोरचा विचार करतोय की दुखावलाय? मला हे सहन होईना, आणि मी खालच्या कक्षेकडे वळलो.

तिथे उपग्रह डोक्यावर असला तर वर-खाली जायला ४ मिलिसेकंदही लागत नाहीत. लांबच्या शहरांसाठी उपग्रहाकडून उपग्रहाकडे लेझरने संदेश नेता येतो, आणि निर्वातात प्रकाश फायबरच्या काचेतल्यापेक्षा जवळपास दीडपट वेगाने धावतो. लंडन ते सिंगापूर फायबर अगदी सरळ टाकली तरी एका दिशेला ५४ मिलिसेकंद लागतील. वरच्या वाटेने, निदान हिशेबात तरी, त्याहून कमी. प्रत्यक्षात जमिनीवरची केंद्रं आणि वाटेतली गर्दी यांची भर पडते. तरी माझ्या कानाला तो उशीर आता जाणवत नाही.

भूस्थिरची बाजूही खरी आहे. त्याची डिश एकदा रोखली की झालं, आणि उशीर मोठा असला तरी एकसारखा. खालच्या कक्षेत उपग्रह सतत बदलतात, त्यामुळे मध्येच क्षणभर आवाज तुटू शकतो, आणि एखादं झाड आड आलं तर जास्तच. त्यांना बरंच मोकळं आकाश लागतं. ते मिळत नसेल, किंवा फक्त मोजमापं पाठवायची नि फाइली उतरवायच्या असतील, तर भूस्थिर पुरेसा आहे. माणसांशी बोलायचं असेल तर मात्र आधी छतावर जाऊन आकाश किती मोकळं आहे ते बघा, आणि जमत असेल तर खालची कक्षाच घ्या.