बंद पडलेला खनिज धक्का: पक्की भिंत की मऊ काठ?

मांडवी आणि झुआरीच्या काठांवर, इकडे आमोणे, नावेली, सारमानस आणि तिकडे सावर्डे-कुडचडे, लोहखनिज बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू बोटींत, भरायचे धक्के ओळीने आहेत. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज परदेशी गेलं आणि त्यातला मोठा वाटा अशाच धक्क्यांवरून बार्जने मुरगाव बंदरात पोचला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. मधल्या काळात ते थोडंफार सुरू झालं, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाण-लीजांचं नूतनीकरणच रद्द झालं. काही धक्के तेव्हापासून नुसते पडून आहेत. टिप्परखाली दबून फरशीसारखी झालेली लाल जमीन, खनिज ओतायचा गंजलेला हॉपर, भेगाळलेला काँक्रीटचा कठडा आणि समोर भरती-ओहोटीची नदी, असं एकूण चित्र असतं.

अशा जागेचं काय करायचं, यावर ग्रामसभेत दोन तट पडतात. एकाला पणजीसारखा फिरायचा रस्ता हवा असतो, बाकं आणि दिव्यांसकट. दुसरा म्हणतो, झाडं लावा आणि नदीला तिचा काठ परत द्या. पंच मंडळींना यातलं एक निवडायचं असेल तर कशाकशाचा विचार करावा, ते पुढे मांडलं आहे. माझा कल लपवत नाही. खेड्यातल्या धक्क्याला मऊ काठ बरा, पण सगळीकडे नाही.

आधी एक चौकशी

धक्का खरंच कायमचा बंद आहे का, हे पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये खनिज पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि काही ठिकाणी खाणी पुन्हा चालू झाल्या. खाण चालू झाली की माल नदीपर्यंत आणावा लागतो, म्हणजे धक्काही लागतो. शिवाय २०१६च्या कायद्याने मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवे कालवा राष्ट्रीय जलमार्ग झाले आहेत, त्यामुळे काठावर काहीही बांधायचं तर नुसत्या पंचायतीच्या परवान्यावर भागत नाही. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या मालकीची नोंद, काढा. जमीन कंपनीची, कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची), सरकारची की कुणा भाटकाराची (जमीनदाराची), हे कळल्याशिवाय आर्किटेक्टला बोलावू नका. सुंदर रंगीत नकाशा आधी आला की त्याच्या प्रेमात पडून लोक बाकीचे प्रश्न विसरतात.

पक्का काठ

रिव्हरफ्रंट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे अहमदाबादची साबरमती येते. दोन्ही तीरांवर प्रत्येकी सुमारे साडेअकरा किलोमीटर काठ बांधून काढला, नदीची रुंदी २६३ मीटरवर एकसारखी केली आणि २०१२ पासून लोक तिथे फिरू लागले. शहराला मोकळी जागा मिळाली, हे खरं. पण ती नदी आपल्या नदीसारखी नाही. वर्षाचा मोठा काळ तिथे पाणीच नसायचं. आज दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं आणि खाली वासणा बॅरेजने अडवून एका पातळीला ठेवलेलं असतं. ज्या नदीची पातळी माणूस ठरवतो, तिला सरळ भिंत शोभते.

मांडवीची पातळी चंद्र ठरवतो. दिवसातून दोनदा भरती, उधाणाला साधारण दोन मीटरचा फरक आणि पावसाळ्यात वरून घाटाचं पाणी. उधाणाची भरती आणि घाटातला पूर एकाच वेळी आले की काय होतं, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. सरळ भिंतीवर पाणी आपटतं आणि तिच्या पायाशी माती उकरतं. काठाचा चिखल मऊ, त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो आणि पैशाचा मोठा भाग कुणाला न दिसणाऱ्या कामात पुरला जातो.

पायऱ्यांचंही तसंच. ओहोटीच्या वेळी एखाद्या काँक्रीटच्या घाटावर उभं राहून पाहा. वरच्या चार-पाच पायऱ्या कोरड्या आणि स्वच्छ. त्याखाली एक रेघ दिसते आणि रेघेखालची प्रत्येक पायरी हिरव्या बुळबुळीत शेवाळाने माखलेली असते. आणखी खाली तर पायरी दिसतच नाही, गाळ बसलेला असतो. नकाशात पाण्यात उतरणारी दाखवलेली पायरी प्रत्यक्षात घसरून पडायची जागा होते. रोज साफ करणारा माणूस नेमणार असाल तरच पायऱ्या करा.

तरीही काही ठिकाणी पक्का काठच हवा. साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या होड्या सोडतात आणि ते बघायला गोवाभरची माणसं लोटतात. तिथे चिखलाचा काठ चालणार नाही. गणपती विसर्जनाला पाट डोक्यावर घेऊन उतरणाऱ्यांना पायाखाली घट्ट जमीन लागते. फेरीबोटीचा धक्का, होडी लावायची जागा, बाजाराला लागून असलेला काठ, ही सगळी पक्क्याचीच ठिकाणं.

मऊ काठ

मऊ काठ म्हणजे जागा नुसती सोडून देणं नाही. काठाला उतार द्यायचा, भरती कुठवर येते आणि उधाण कुठवर, ते पाहून त्या-त्या पट्ट्यात योग्य ती झाडं लावायची आणि माणसांसाठी वरून लाकडी किंवा काँक्रीटच्या खांबांवरची पायवाट न्यायची. पणजीत कांदळवनातून अशी पायवाट केलेली आहे. ठराव करण्याआधी पंचांनी एकदा तिथे जाऊन यावं.

जुन्या उद्योगाच्या जागेवर हे कसं जमतं, याची उदाहरणं बाहेर आहेत. आपल्याला सगळ्यात जवळचं मला चीनमधल्या चोंगशान शहरातलं वाटतं. तिथली गोदी १९५३ साली सुरू झाली आणि १९९९ मध्ये बंद पडली. नंतर ११ हेक्टरांवर बाग झाली. नदीला रोज १.१ मीटरपर्यंत चढउतार, म्हणून काठ वेगवेगळ्या उंचीच्या टप्प्यांत ठेवला. पाणी चढलं की खालचे टप्पे बुडतात, वरचे वापरात राहतात. मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पुरासाठी नदीचं पात्र ६० मीटरवरून ८० मीटर करा, असा नियम होता आणि तसं केलं तर काठावरचे जुने वड तोडावे लागणार होते. आराखडा करणाऱ्यांनी वडांच्या पलीकडून दुसरा प्रवाह खणला. नदीला २० मीटर मिळाले आणि वडांचं बेट झालं. आपल्याकडे अशा वेळी आधी करवत येते.

शांघायची हौतान बागही जुन्या पोलाद कारखान्याच्या आणि गोदीच्या जागेवर, हुआंगपू नदीच्या काठी आहे. १४ हेक्टर जागा, २०१०च्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली. तिथली काँक्रीटची पूरभिंत काढून दगडांचा उतार केला आणि आत १.७ किलोमीटर लांबीची पाणथळ पट्टी केली. वनस्पती आणि गाळाच्या थरांतून दिवसाला २४०० घनमीटर नदीचं पाणी गाळण्याची तिची क्षमता सांगतात.

जर्मनीतल्या डुइसबुर्गचं उदाहरण लोखंडामुळे आठवतं. १९८५ मध्ये बंद झालेला पोलाद कारखाना पाडण्याऐवजी त्याची बाग केली. खनिज साठवायच्या काँक्रीटच्या कोठ्यांमध्ये बगिचे झाले, काही भिंतींवर लोक चढाईचा सराव करतात आणि जुन्या गॅसटाकीत पाणी भरून पाणबुडे शिकतात. पण ते पाहून आपला हॉपर आणि कन्व्हेयर जसाच्या तसा ठेवा, असं मी म्हणणार नाही. खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, यात उघडं लोखंड टिकत नाही. दर दोन-तीन वर्षांनी रंग द्यायला पैसे कुठून आणणार? एक हॉपर ठेवा, तोही इंजिनियरने तपासून दिल्यावर. बाकीचं भंगारात विका, पण आधी यादी करून. नाहीतर यादीआधी भंगारवाला येतो.

खरं म्हणजे मऊ काठाची विद्या शिकायला आपल्याला शांघायला जायची गरज नाही. खाजन शेतीचा, म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांचा, बांध म्हणजे तेच. चिखल, चिरा आणि गवत घालून केलेला मातीचा बांध, बाहेरच्या अंगाला लाटा झेलणारी झाडं आणि मध्ये मानस, म्हणजे पाणी सोडायची झडप. मानशीची लाकडी दारं भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटा देतं आणि ती उघडतात. यंत्र नाही, वीज नाही. बांधात खेकड्यांनी बिळं केली की पाणी झिरपायला लागतं, म्हणून त्यावर सतत नजर ठेवावी लागते. कुळांची टेनंट असोसिएशन जिथे जागरूक आहे तिथले बांध उभे आहेत, बाकी ठिकाणी शेतात खारं पाणी आहे. मऊ काठाचा सगळा फायदा-तोटा या एका गोष्टीत आला. तो स्वस्तात होतो, पण त्याच्याकडे दरवर्षी कुणीतरी बघावं लागतं.

जमिनीत काय आहे

लोहखनिजाच्या प्लॉटमध्ये एक बरं असतं. जुन्या गॅस कारखान्यांच्या जमिनीत डांबर मुरलेलं असतं तसलं विष इथे सहसा नसतं. खरा त्रास दोनच गोष्टींचा, दबलेली जमीन आणि बारीक लाल गाळ. पहार मारली तर खणकन वाजते, तिथे खड्डा काढून रोप लावलं तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात रोप वाळतं. आधी जमीन दोन-अडीच फूट खोल फोडायची, कंपोस्ट मिसळायचं, पहिल्या वर्षी ताग किंवा धैंचा पेरून तो गाडायचा. उतारावर काथ्याची जाळी अंथरायची. पावसाचं पाणी थेट नदीत जाऊ न देता चरांमधून गाळ बसायच्या तळीत न्यायचं. पहिल्या पावसात ते तांबडंलाल येतं. तो गाळ नदीत गेला तर खुबे-तिसऱ्या अशा शिंपल्यांवर बसतो.

बार्ज दुरुस्तीचं यार्ड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तेल, डिझेल आणि बुडाचा जुना रंग जमिनीत गेलेला असू शकतो. टिन असलेले विषारी रंग जगभर २००८ पासून बंद आहेत, पण त्याआधी खरवडून काढलेला रंग कुठे गेला असेल? यार्डाची माती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मुलांचं खेळाचं मैदान करू नका.

झाडांबद्दल एकच आग्रह, अकेशिया नको. खाणींच्या डंपवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवर, ती भराभर वाढली म्हणून सगळीकडे लावली, पण तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. पाण्यालगत चिपी, तिवर, कांदळ. त्यावर भेंडीची झाडं (भाजीची भेंडी नव्हे), करंज, उंडी. अगदी वर सावलीसाठी आंबा-फणस लावायलाही हरकत नाही. हिरवळ लावायचा मोह आवरा, एप्रिलमध्ये तिला टँकरने पाणी घालावं लागतं.

मऊ काठाचे तोटे

डास होतात. कांदळाच्या मुळांत प्लास्टिक अडकतं आणि ते काढायला चिखलात उतरावं लागतं. पहिली दोन-तीन वर्षं जागा उजाडच दिसते आणि पुढच्या निवडणुकीआधी फीत कापायला काही नसतं. कुंभारजुवे कालव्याच्या आसपास मगरी आहेत. दुर्भाटला चिखलाची मगर करून पूजतात, ते काही उगाच नाही. तिथे पायवाट उंच हवी आणि कठडा मजबूत हवा.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. एकदा तिवरं वाढली की ती तोडता येत नाहीत. सी.आर.झेड.च्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) २०११च्या अधिसूचनेप्रमाणे हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर येतो आणि खाजनात विकासकाम करायला मनाई आहे. म्हणजे दहा वर्षं काहीच न करता बसलात तर नदी स्वतःच निर्णय घेऊन टाकते. काही गावांना तोच निर्णय पटेल.

पक्क्या काठाचा मला वाटणारा धोका उलट्या बाजूचा आहे. भिंत झाली की मागची जमीन वधारते, मग हॉटेलवाल्याचा अर्ज येतो. पणजीसमोर कसिनोच्या बोटी रोज बघणाऱ्याला यावर जास्त सांगायला नको. आणि ओहोटीला खुबे काढायला उतरणाऱ्या बायका, शेवटे आणि काळुंद्र या माशांसाठी जाळं टाकणारे, यांची नदीत उतरायची वाट भिंतीने बंद होते. ग्रामसभेत ते सहसा बोलत नाहीत, त्यांना घरी जाऊन विचारा.

मी काय निवडेन

धक्क्याचं काँक्रीट आधीच पक्कं आहे, ते तेवढंच ठेवेन. त्यावर विसर्जन, होड्या, बसायची जागा, चार दिवे आणि शौचालय. एक इंचही वाढवणार नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा काठ उतरता आणि मऊ. बाजार अगदी लागून असेल, रोज संध्याकाळी दोन-तीनशे माणसं फिरतील अशी खात्री असेल, तर बाजाराच्या अंगाने थोडा पक्का रस्ता वाढवायला माझी ना नाही.

अंदाजपत्रकात मात्र एक गोष्ट ठासून घाला. अभियंत्याला काँक्रीटचा घनमीटरचा दर पाठ असतो, पण रोपाला तीन वर्षं जगवायचा दर कुणी धरत नाही. ठेकेदार रोपं लावून, फोटो काढून, बिल घेऊन जातो. लावणी आणि तीन वर्षांची देखभाल एकाच निविदेत ठेवा आणि शेवटचा हप्ता जगलेल्या रोपांच्या मोजणीवर द्या.

वेळेचंही गणित आहे. जमीन फोडणं, उतार काढणं, तळी खणणं हे नोव्हेंबर ते मे या काळातच जमतं. कांदळाच्या शेंगा आणि तिवराचं बी पावसाळ्यात हाताशी येतं, म्हणजे तोवर काठ तयार हवा. त्यासाठी ठराव ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हायला हवा. जानेवारीपर्यंत ढकललात तर परवानग्यांत मे उलटतो आणि पूर्ण एक पावसाळा वाया जातो.