लो-फॉडमॅप पथ्य: काही महिने पाळून आणि टप्प्याटप्प्यानं मोडून पाहिल्यानंतर

सुरुवातीलाच निकाल सांगते. लो-फॉडमॅप, म्हणजे पोटात आंबणारी काही कर्बोदकं काही आठवडे टाळून मग एकेक परत खाऊन पाहायचं पथ्य, ही मुळात पोटाची तपासणी आहे, फक्त ती प्रयोगशाळेऐवजी ताटात होते. तपासणी म्हणून मी तिला मनापासून चांगले गुण देते. कायमचा आहार म्हणून कुणी ती सुचवली तर मात्र मी विरोध करेन. पहिल्या टप्प्यात बरं वाटलं म्हणून अनेकजण तिथंच थांबतात, मोजक्या पदार्थांवर महिनोन्‌महिने काढतात आणि आपल्याला नेमकं काय बाधतं हे त्यांना कळत नाही ते नाहीच. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझा त्रास असा होता. जेवल्यावर काही वेळानं पोट फुगून टणक व्हायचं, संध्याकाळपर्यंत कपडे आवळायला लागायचे, बेंबीखाली कळा यायच्या आणि शौचाला जाऊन आलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. काही दिवस बद्धकोष्ठता, मग अचानक पातळ. वजन घटत नव्हतं, ताप नव्हता, रक्त नव्हतं. कळांपेक्षाही जास्त थकवलं ते अनिश्चिततेनं. तोच पदार्थ एकदा निमूट पचायचा आणि पुढच्या वेळी दिवसभर झोपवून ठेवायचा. आजूबाजूचे म्हणायचे, ताण घेऊ नकोस. त्रास खरा असूनही कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, तेव्हा हे ऐकून माणूस फार एकटा पडतो. ज्यांना हे रोज ऐकावं लागतं त्यांच्यासाठीच हे सगळं लिहिलंय.

पथ्याकडे वळण्याआधी तपासण्यांबद्दल, कारण इथं क्रम चुकला तर पुढचं सगळं अवघड होतं. गहू बंद करण्याआधी सीलिअ‍ॅक आजाराची (यात ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं) तपासणी करून घ्या. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे बजावलं आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीत आयजीए प्रकारची जी प्रतिपिंडं (शरीराच्या संरक्षण यंत्रणेची प्रथिनं) शोधतात ती ग्लूटेन नियमित पोटात जात असतानाच भरवशानं दिसतात. गहू सोडून काही आठवडे-महिने गेले की त्यांचं प्रमाण उतरतं, आतड्याचं अस्तरही सुधारू लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग खात्री करायची तर पुन्हा काही आठवडे रोज गहू खाऊन त्रास भोगावा लागतो. सोबत एकूण आयजीएसुद्धा मोजतात, कारण काहींच्या रक्तात ते मुळातच कमी असतं आणि अशांची ही तपासणी फसवी ठरते. जगभरात साधारण शंभरातल्या एकाला सीलिअ‍ॅक असतो. त्यात गहू, बार्ली आणि राय आयुष्यभर पूर्ण सोडावे लागतात, अगदी कणभरसुद्धा चालत नाही. असहिष्णुतेत, म्हणजे एखादा पदार्थ नुसता नीट न पचण्यात, प्रमाण सांभाळलं की बरंच काही खाता येतं. म्हणून हे दोन्ही आधी वेगळे करून घेणं फार गरजेचं आहे.

माझा तो रिपोर्ट नॉर्मल आला. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि मलातलं कॅलप्रोटेक्टिनही ठीक निघालं. आतड्याला सूज असली की कॅलप्रोटेक्टिन वाढतं. त्यामुळे ते नॉर्मल आलं की क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या सुजेच्या आजारांची शक्यता खूप कमी होते. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कळा, ताप, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा वयाच्या पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर कृपा करून पथ्याचे प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा.

माझ्या बाबतीत डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामकाजातला बिघाड) असं निदान केलं. यासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी हवी, आणि तिचा संबंध शौचाशी, त्याच्या वारंवारतेतल्या बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातल्या बदलाशी, यांपैकी किमान दोन गोष्टींशी हवा. शिवाय त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते. काही सापडलं नाही म्हणून चिकटवलेलं हे नाव नव्हे, याला स्वतःचे निकष आहेत, हे कळल्यावर मला खूप धीर आला.

दुधासाठी श्वासाची हायड्रोजन चाचणी केली. आदल्या दिवशी ठरवून दिलेलं हलकं जेवण, रात्रभर उपास, मग लॅक्टोज या दुधातल्या साखरेचं द्रावण पिऊन ठरावीक वेळानं नळीत फुंकत बसायचं. लॅक्टोज लहान आतड्यात पचलं नाही तर मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, हायड्रोजन तयार होतो आणि तो रक्तावाटे फुप्फुसात येतो. सुरुवातीच्या पातळीपेक्षा २० पीपीएम (दशलक्ष भागांत २० भाग) किंवा अधिक वाढ झाली तर चाचणी पॉझिटिव्ह. माझी तशीच आली. यावरून दूध कायमचं बंद असं समजू नका. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी साधारण १२ ग्रॅम, म्हणजे कपभर दुधातलं लॅक्टोज फारसा त्रास न होता सोसतं, विशेषतः जेवणासोबत. मुरवलेल्या कडक चीजमध्ये तर ते जवळपास नसतंच.

एका तपासणीबद्दल मात्र कळकळीनं सावध करते. घरच्यांनी काळजीपोटी एका खासगी लॅबमधून माझी 'फूड इन्टॉलरन्स' आयजीजी (हाही प्रतिपिंडांचा एक प्रकार) चाचणी करून आणली. रिपोर्ट रंगीत, भरगच्च, आणि लाल रकान्यात नेमके माझ्या रोजच्या खाण्यातले पदार्थ. ते तिथं असणारच. एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी सापडलं म्हणजे शरीराची त्या पदार्थाशी ओळख झालीय, एवढाच त्याचा अर्थ. युरोप, अमेरिका आणि कॅनडातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी असहिष्णुतेच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये असं स्पष्ट सांगितलंय. खरी अ‍ॅलर्जी आयजीई या वेगळ्या प्रतिपिंडाशी निगडित असते. तीत काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत पुरळ, ओठांना सूज, धाप असं काही होतं, आणि ती जिवावर बेतू शकते. असल्या रिपोर्टच्या नादानं लोक अंडी, दूध, गहू, सुकामेवा एकदम सोडतात आणि कुपोषणाकडे जातात, याचा मला खरोखर राग येतो.

आता मूळ विषय. फॉडमॅप हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये मांडलं. आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि पटकन आंबणाऱ्या लहान कर्बोदकांचा हा गट. गहू, कांदा, लसणातले फ्रक्टन, राजमा, चणे, डाळींतले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातलं लॅक्टोज, मध, आंबा, सफरचंदातलं जादाचं फ्रुक्टोज, आणि फ्लॉवर, मशरूम किंवा शुगर-फ्री च्युइंगममधले पॉलिऑल, म्हणजे सॉर्बिटॉल, मॅनिटॉलसारखी साखर-अल्कोहोलं. हे पदार्थ लहान आतड्यात पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात आंबून वायू तयार करतात. असं सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएस असलेल्यांच्या आतड्याच्या नसा तो ताण जास्त तीव्रतेनं जाणवून देतात.

दुसरं म्हणजे यांची बेरीज होत जाते. सकाळचं थोडं, दुपारचं थोडं, संध्याकाळचं थोडं, असं करत भांडं काठोकाठ भरतं, आणि शेवटी सांडतं तेव्हा आळ येतो तो शेवटच्या थेंबावर. एकच पदार्थ कधी पचतो आणि कधी बाधतो, या माझ्या जुन्या कोड्याचं इतकं साधं उत्तर मला आधी कुणी दिलं नव्हतं.

पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो. मी तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली केला आणि तसाच करावा असं माझं ठाम मत आहे. कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक हा यातला सगळ्यांत कठीण भाग. त्यावर एक उपाय अफलातून निघाला. फ्रक्टन पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या की स्वाद राहतो आणि त्रास टळतो. रस्स्यात अख्खी पाकळी शिजवून नंतर काढली तर उपयोग नाही, कारण तोवर फ्रक्टन पाण्यात उतरलेले असतात. घरी केलेलं असं तेल लगेच वापरा, बाहेर साठवून ठेवू नका, त्यात बोट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा करणारे जिवाणू वाढण्याचा धोका असतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. पाकिटबंद पदार्थांवर इन्युलिन (हेही फ्रक्टनच), चिकोरी रूट, सॉर्बिटॉल, मॅनिटॉल ही नावं शोधायची सवय लावावी लागते. 'फायबरयुक्त' म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी गोष्टींत इन्युलिनच असतं. मोनाशचं अ‍ॅप यासाठी चांगलं आहे, कारण ते पदार्थाला नुसतं चांगला-वाईट न म्हणता किती प्रमाणात चालेल ते दाखवतं.

फुगारा आधी कमी झाला, कळा त्यानंतर. बद्धकोष्ठतेवर विशेष फरक पडला नाही.

खरं काम त्यानंतरच्या टप्प्यात आहे. बाकी पथ्य तसंच ठेवून एका गटातला एकच पदार्थ निवडायचा, तीन दिवस प्रमाण वाढवत खायचा, मग पोट शांत होईपर्यंत थांबायचं आणि पुढचा गट घ्यायचा. लॅक्टोजसाठी दूध, फ्रुक्टोजसाठी मध, मॅनिटॉलसाठी मशरूम, असे पदार्थ घेतात ज्यांत शक्यतो एकच घटक असतो. या टप्प्यात घाबरायला होतं. बरं वाटत असताना मुद्दाम दुखणं कोण ओढवून घेईल? पण इथं जे कळलं ते कुठल्याही रिपोर्टनं सांगितलं नसतं. मध आणि आंबा मला अजिबात बाधत नाहीत. दूध कपभर चालतं. लसूण थोडासुद्धा चालत नाही. कांदा शिजवलेला आणि अगदी थोडा असेल तर सोसतो. ज्या गव्हावर माझा सगळ्यात जास्त संशय होता, त्याच्या ब्रेडच्या एक-दोन स्लाइस आरामात पचतात.

गव्हाचं असं होणारी मी एकटी नाही. नॉर्वेमध्ये २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सीलिअ‍ॅक नसलेल्या पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना ग्लूटेन असलेले, फ्रक्टन असलेले आणि दोन्ही नसलेले बार आळीपाळीनं दिले. कोणता बार कोणता हे त्यांना माहीत नव्हतं. त्रास सर्वाधिक झाला तो फ्रक्टनच्या बारनं, ग्लूटेनच्या नव्हे. अनेकांना ग्लूटेन-फ्री खाऊन बरं वाटतं ते खरंच असतं, कारण गव्हाबरोबर फ्रक्टनही जातात. पण कारण फ्रक्टन असेल तर लसूण खात राहून गहू सोडण्यानं अर्धवटच गुण येणार.

या सगळ्यात मला सर्वाधिक साथ दिली ती वहीनं. खाल्लेलं, वेळ, त्रास, त्रासाची वेळ, आणि ब्रिस्टल तक्त्यातल्या सात प्रकारांपैकी मलाचा प्रकार, एवढं रोज लिहायचं. सोबत झोप, पाळीचे दिवस, कॉफी आणि औषधं. मोठ्या आतड्यात अन्न पोचायला कित्येक तास लागतात, म्हणून नुकत्याच झालेल्या जेवणावर संशय घेणं बहुतेक वेळा चुकतं. माझ्या संध्याकाळच्या कळांचं मूळ सकाळच्या खाण्यात होतं, हे वहीत स्पष्ट दिसलं. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत एरवी पचणारं अन्नही बाधतं, हेही तिथंच दिसलं. पाळीच्या वेळी आतड्याची हालचाल बदलते, त्यामुळे त्या दिवसांतली चाचणी ग्राह्य धरू नये.

आता तक्रारी. पथ्यात वेळ फार जातो. बाहेर खाणं जवळपास बंद होतं आणि जेवायला बोलावणाऱ्यांना प्रत्येक वेळी समजावत बसावं लागतं. पहिला टप्पा लांबला तर आतड्यातले उपयुक्त बिफिडोबॅक्टेरिया कमी होतात, कारण हीच कर्बोदकं त्यांचं अन्न असतं. ज्यांचं वजन आधीच कमी आहे, ज्यांचा खाण्याच्या भीतीशी किंवा खाण्याच्या विकारांशी पूर्वी झगडा झालाय, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं, यांनी तज्ज्ञांशिवाय याच्या वाटेला जाऊ नये. आणि हे सगळ्यांनाच लागू पडत नाही. सहा आठवडे नीट पाळूनही काहीच फरक नसेल तर ते सोडून द्यावं आणि पित्तआम्लांचं शोषण न होणं, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारख्या औषधांचा परिणाम अशी इतर कारणं डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या संवादावर काम करणारे उपचारही आहेत. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मात्रेतल्या अमिट्रिप्टिलिन या मूळच्या नैराश्यावरच्या औषधानं आयबीएसच्या लक्षणांत सुधारणा दिसली. असं औषध सुचवलं म्हणजे डॉक्टर तुमचं दुखणं मनाचे खेळ समजतात असं नव्हे. आतड्याच्या नसांवर त्याचा थेट परिणाम होतो.

आज माझ्या ताटात बहुतेक सगळं परत आलंय. लसूण फक्त तेलातून, राजमा-चणे डबाबंद, त्यातलं पाणी ओतून देऊन आणि धुऊन, तेही थोडे. बद्धकोष्ठतेसाठी आहारतज्ज्ञांनी इसबगोल सुचवला. तो अगदी थोड्यापासून सुरू करून भरपूर पाण्यासोबत हळूहळू वाढवला आणि त्याचा गुण येतोय. सोसण्याची मर्यादा काळानुसार बदलते, म्हणून कांद्याची चाचणी मी अधूनमधून पुन्हा करते. गेल्या वेळी पहिल्यापेक्षा दुप्पट प्रमाण पचलं.