अर्धवट पोहोचणारा ॲरे: मर्यादा वाढवावी की फॉर्म बदलावा?

गोव्यातल्या मोरजी-मांद्रे भागातल्या बारा खोल्यांच्या होमस्टेची वेबसाइट पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत, बांधली आहे असे धरू. मालक ऑक्टोबर ते डिसेंबरचे दर एकाच पानावर भरतो. ९२ दिवस, १२ खोल्या, म्हणजे १,१०४ रकाने; सर्व्हरकडे ते ॲरे म्हणून, म्हणजे एका यादीच्या रूपात, जातात. सेव्ह दाबले की ‘दर जतन झाले’ असे दिसते. पण अकराव्या खोलीचे २० डिसेंबरपासूनचे आणि बाराव्या खोलीचे सगळेच दर पोहोचलेले नसतात. नेमके नाताळ-नववर्षाचे दिवस, ज्यांवर हंगामाची कमाई अवलंबून असते.

कारण आहे ‘मॅक्स_इनपुट_व्हार्स’ ही सेटिंग, जी एका विनंतीत पीएचपी किती रकाने स्वीकारेल हे ठरवते. तिची मूळ मर्यादा १,०००. त्यापुढचे रकाने पीएचपी सोडून देते आणि फक्त एक वॉर्निंग देते, जी लाइव्ह सर्व्हरवर बहुधा लॉगमध्येच (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलमध्येच) पडून राहते. एका विनंतीत मुद्दाम घडवलेल्या असंख्य ‘की’ (रकान्यांची नावे) पाठवून सर्व्हर जाम करण्याचे हल्ले रोखायला ही मर्यादा जानेवारी २०१२ मध्ये ५.३.९ आवृत्तीत आली. त्यामुळे ती एक लाखावर नेऊन मोकळे होणे मला पटत नाही.

तरी आज रात्रीच दर चढवायचे असतील तर २,००० पर्यंत वाढवणे हा सगळ्यात जलद मार्ग. कोडमध्ये ‘आयएनआय_सेट’ (सेटिंग बदलणारे फंक्शन) लिहून हे जमत नाही, कारण कोड सुरू होईपर्यंत फॉर्म वाचून झालेला असतो. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी फास्टसीजीआयने (वेब सर्व्हरला पीएचपी जोडण्याची एक पद्धत) चालत असेल तर ‘.युजर.आयएनआय’ या सेटिंगच्या फाइलमध्ये नव्या मर्यादेची ओळ घाला. ती फाइल डीफॉल्टने ३०० सेकंदांनी पुन्हा वाचली जाते, म्हणून लगेच फरक दिसला नाही तर पाच मिनिटे थांबा. मात्र खोल्या किंवा महिने वाढले की तोच घोळ पुन्हा होणार, आणि होस्टिंग बदलले तर ही ओळ कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

दुसरा मार्ग महिनावार फॉर्म. १२ खोल्यांचे ३१ दिवस म्हणजे ३७२ रकाने. कोडमध्ये फारसा बदल नाही, सर्व्हरला हात लावायचा नाही, आणि मोबाइलवरून दर भरणाऱ्या मालकालाही हे पान सोसवते. तोटा इतकाच की तीन महिन्यांसाठी तीनदा सेव्ह करावे लागते.

तिसरा मार्ग म्हणजे जावास्क्रिप्टने सगळे दर गोळा करून एकाच लपलेल्या रकान्यात जेसन म्हणून, म्हणजे सगळी माहिती एका सलग मजकुरात मांडून, पाठवणे. पीएचपीच्या लेखी तो एकच व्हेरिएबल. मग प्रश्न उरतो तो ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’चा, म्हणजे पाठवलेल्या मजकुराच्या एकूण आकाराचा, आणि त्याची मूळ मर्यादा ८ एमबी असल्याने दरांच्या तक्त्याला ती भरपूर झाली. पण दिसणाऱ्या रकान्यांचे ‘नेम’ काढून टाका, नाहीतर तेही सोबत जातील आणि मर्यादा पुन्हा ओलांडली जाईल. शिवाय आलेला मजकूर उलगडून प्रत्येक खोली, तारीख आणि दर तपासण्याचे काम आता पूर्णपणे तुमचे.

छोट्या होमस्टेसाठी मी महिनावार फॉर्मच सुचवेन. कळंगुट-बागाच्या मोठ्या हॉटेलला पन्नासेक खोल्यांचा एक महिनाही १,५५० रकान्यांवर जातो. तिथे जेसनच बरे.

मार्ग कोणताही घ्या, सर्व्हरने किती दर अपेक्षित होते आणि किती आले हे मोजलेच पाहिजे. आकडा जुळला नाही तर काहीही जतन न करता मालकाला स्पष्ट सांगा. जुने दर पुसून नवे घालणारा कोड असेल तर हे फार महत्त्वाचे, कारण तिथे अर्धवट ॲरे आधीचे बरोबर दरही घेऊन जातो. पुसणे आणि घालणे ही दोन्ही कामे डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, म्हणजे दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ‘इनव्हॅलिड ॲरे लेंग्थ’ दिसत असेल, तर मात्र दुखणे वेगळे. जावास्क्रिप्टमध्ये ॲरेची लांबी ऋण, अपूर्णांकी किंवा ४,२९,४९,६७,२९५ पेक्षा मोठी ठरली की ही एरर येते. तारखांच्या वजाबाकीतून दिवस काढत असाल तर चेक-इन आणि चेक-आउटची अदलाबदल झाली आहे का, हे आधी पाहा.