टोकियोत राहणाऱ्यांची आठवड्याची सुट्टी: क्योतो की क्युशू?

टोकियोत नोकरी करणाऱ्याला सलग आठवडाभर मोकळीक मिळते ती एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीच्या गोल्डन वीकला, ऑगस्टच्या ओबोनला (पूर्वजांच्या स्मरणाचा सण), नाहीतर वर्षअखेरीस. तेव्हा कुठे जायचं, असं नव्याने आलेले मराठी मित्र विचारतात आणि चर्चा शेवटी दोन नावांवर येऊन थांबते: क्योतो-नारा-ओसाका म्हणजे कानसाई, किंवा दक्षिणेचं क्युशू बेट. माझं मत आधीच सांगते. स्वतःसाठी जात असाल तर क्युशू. भारतातून आई-बाबा आले असतील तर कानसाई.

याचं कारण अंतरात आहे. नोझोमी ही सगळ्यात वेगवान शिनकानसेन (बुलेट ट्रेन) टोकियोहून सव्वादोन तासांत क्योतोला पोचते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालात तरी झोपायला तिथे. क्योतोतल्या फुशिमी इनारी या देवस्थानाला दरवाजा नाही, तिकीट नाही. पहाटे पाचला त्या केशरी कमानींखालून चाललात तर गर्दी लागत नाही. असे दोन-तीन शनिवार-रविवार काढले की क्योतो आणि नारा नीट बघून होतं. क्युशूचं तसं नाही. टोकियोच्या हानेदा विमानतळाहून फुकुओका विमानाने दोन तास, रेल्वेने हाकाता (फुकुओकाचंच मुख्य स्टेशन) पाच तास. पुढे नागासाकी पश्चिमेला, आसोचा ज्वालामुखी मध्यावर, कागोशिमा पार दक्षिण टोकाला. दोन दिवसांत त्यातलं एखादंच जेमतेम होतं, म्हणून मोठी सुट्टी तिथे लावावी.

पैशांचा एक मुद्दा इथे राहणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येतो. देशभर चालणारा जेआर (जपान रेल्वे) पास अल्प मुदतीच्या पाहुण्यांसाठी आहे. आई-बाबांना तो मिळेल, रहिवासी कार्डवाल्या तुम्हाला नाही. त्यांनाही घेऊन देण्याआधी हिशेब करा: ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला, आणि नोझोमीत बसायचं तर वर वेगळे पैसे. नुसतं टोकियो-क्योतो जाऊन-येऊन तो वसूल होत नाही.

आता आई-बाबांसाठी कानसाई का? नाराच्या तोदाइजी मंदिरात सुमारे पंधरा मीटर उंचीचा बुद्ध आहे. इ.स. ७५२ मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतातून आलेल्या भिक्षूने केला. हे त्या मूर्तीसमोर उभं राहून सांगा. तोवर जपानकडे परका देश म्हणून बघणारी माणसं तिथे बराच वेळ रेंगाळतात. शाकाहारी माणसाची सोयही इथेच. जपानभर उदोनच्या रश्शापासून मिसो सूपपर्यंत माशाचा अर्क असतो, पण क्योतोत बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्योरी मिळतं, त्यात मांस-मासळी नसते. फक्त क्योतोतल्या कियोमिझुदेरा मंदिराचा चढ गुडघ्यांना जड जातो, तेवढा दिवस हलका ठेवा.

क्युशूत शाकाहारी माणसाला तयारीने जावं लागतं. हाकाताचं रामेन डुकराच्या हाडांच्या रश्शाचं, नागासाकीच्या चानपोन नूडल्समध्ये डुकराचं मांस आणि मासळी. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. रताळी मात्र मनसोक्त खा, कागोशिमा त्यांचं माहेरघर आहे.

पण बघायला काय आहे! नागासाकीत ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११:०२ वाजता अणुबॉम्ब पडला. तिथलं संग्रहालय बघून झाल्यावर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. गडकोटांचं वेड असेल तर कुमामोतो चुकवू नका. एप्रिल २०१६ च्या भूकंपात किल्ल्याच्या तटबंद्या ढासळल्या. मुख्य मनोरा २०२१ ला पुन्हा खुला झाला, पण पूर्ण दुरुस्तीसाठी २०५२ साल धरलं आहे. पडलेल्या चिऱ्यांना क्रमांक देऊन ते मूळ जागी बसवतात. आपल्या गडांच्या तटबंदीची काळजी वाटणाऱ्याने हे काम डोळ्यांनी पाहावंच. कागोशिमाहून फेरीने पंधरा मिनिटांत साकुराजिमा गाठता येतं, धुमसता ज्वालामुखी. १९१४ च्या उद्रेकात लाव्हा इतका वाहिला की बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. आणि सार्वजनिक ओन्सेनमध्ये (गरम पाण्याच्या झऱ्यात) विवस्त्र उतरायचा संकोच वाटत असेल, तर कागोशिमाजवळच्या इबुसुकीला युकाता (सुती किमोनो) नेसून गरम वाळूत पुरून घ्या. अंगावर वाळूचं वजन आणि आतून चढणारी ऊब हा अनुभव क्योतोत मिळत नाही.

आसोच्या विवराचं आधी कळत नाही. विषारी वायू वाढला की वर सोडत नाहीत, आणि दमा असलेल्यांनी जाऊच नये. तिथे बसगाड्याही कमी. गाडी भाड्याने घ्यायची तर लक्षात ठेवा, जपानला येऊन वर्ष उलटल्यावर भारतातलं आंतरराष्ट्रीय परमिट चालत नाही, इथलं लायसन्स लागतं.

मार्ग असा ठेवा: फुकुओकाला उतरून नागासाकीत दोन रात्री, शिन-तोसूला गाडी बदलून कुमामोतोत दोन, मग कागोशिमात दोन, आणि तिथूनच विमानाने परत. यासाठी गोल्डन वीक उत्तम. जून-जुलैत क्युशूत धो-धो पाऊस असतो, ऑगस्टमध्ये वादळांची धास्ती. विमानाचं तिकीट मात्र हिवाळ्यातच काढून ठेवा.