सावळ्या कातडीला आयपीएल आणि एपिलेटर: वर्षभराच्या वापरानंतर

घरच्या घरी केस काढायच्या मशीनचे व्हिडिओ बघा, त्यातल्या बाईच्या पायावर मुळात केसच नसतात. गोरा गुळगुळीत पाय, त्यावरून मशीन फिरते, पाय होता तसाच गुळगुळीत. माझा रंग गव्हाळच्या पलीकडचा, सावळ्याकडे झुकणारा, आणि केस काळेभोर, राठ. आपल्याकडे बहुतेकींचं हेच असतं, पण अशा कातडीवर ही यंत्रं कशी चालतात हे सांगणारं फारसं कुणी सापडलं नाही, म्हणून लिहायला बसले. एपिलेटर, म्हणजे केस मुळापासून उपटणारी मशीन, माझ्याकडे बराच आधीपासून आहे. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट), म्हणजे प्रकाशाच्या फ्लॅशने केस कमी करणारी मशीन, घेतल्याला वर्ष उलटून गेलं. मशीनचं नाव देत नाही, कारण जे सांगायचं आहे ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडेल.

एपिलेटर घेण्याचं कारण सोपं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पार्लरं बंद पडली तेव्हा घरात ट्रिमर आणि क्रीम एवढंच होतं, आणि क्रीमचा तो वास मला कॉलेजपासून सहन होत नाही. (वास थायोग्लायकोलेट या रसायनाचा असतो. केस ज्याचा बनतो ते केराटिन नावाचं प्रथिन विरघळवायचं काम तेच करतं, त्यामुळे गुलाबाचा सुगंध घालून कंपन्या कितीही झाकोत, तो येणारच.) पार्लरं उघडली, पण दर महिन्याला वेळ घ्या, तिथे रांगेत बसा, गरम वॅक्सचे चटके खा, हे पुन्हा सुरू करायची इच्छाच राहिली नव्हती.

एपिलेटर ही कल्पना फार नवी नाही. १९८६ मध्ये इस्रायलमधल्या हागोश्रीम नावाच्या किबुत्झमधून (सामूहिक वस्तीतून) एपिलेडी नावाची मशीन बाजारात आली. तिच्यात फिरणारी वाकवलेली स्प्रिंग होती, तिच्या वेढ्यांत केस अडकायचे आणि उपटले जायचे. आताच्या मशीनमध्ये स्प्रिंगऐवजी फिरत्या रोलरवर बारीक चिमट्यांच्या ओळी असतात. पण काम तेच, केस मुळापासून ओढून काढणं.

दुखतं का? दुखतं. जाहिरातीत 'हलकी गुदगुल्यांसारखी जाणीव' लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याने मशीन स्वतःच्या घोट्यावर एकदा फिरवून बघावी. पोटरीवर सहन होतं, नडगीवर बऱ्यापैकी चुरचुरतं, आणि घोट्याचं हाड, गुडघ्याची वाटी या दोन ठिकाणी डोळ्यांत पाणी येतं. आवाजही चटणी वाटणाऱ्या मिक्सरसारखा, दार लावून बसलं तरी बाहेर कळतं. पण जे कुणी सांगत नाही ते हे की पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर दुखणं खरोखर कमी होतं. मुळासकट निघालेले केस सगळे एकदम परत येत नाहीत, पुढच्या वेळी चिमट्यात कमी केस सापडतात, आणि येतात तेही जरा बारीक वाटतात.

पद्धत महत्त्वाची. गरम पाण्याने अंघोळ करून, पाय पूर्ण कोरडा करून, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. मशीन नव्वद अंशांत उभी धरून केसांच्या उलट दिशेने सावकाश न्यायची. दाबायची अजिबात नाही. दाबली की चिमटे केस उपटायच्या ऐवजी तोडतात, आणि तुटलेला केस कातडीखालीच वळतो. केस दोन ते चार मिलिमीटर असले की काम नीट होतं. त्याहून लांब असतील तर आधी ट्रिमर फिरवावा. आणि हे रात्री करावं, कारण नंतर काही तास पायावर लाल ठिपके राहतात. लग्नाला निघायच्या तासभर आधी एपिलेटर हातात घेऊ नका.

आत वळलेले केस ही एपिलेटरची खरी पीडा. माझ्या पोटऱ्यांवर पुटकुळ्या यायच्या, त्यातल्या काहींच्या आत काळा केस गोल गुंडाळलेला दिसायचा. सुईने काढायचा मोह होतो, पण तो डाग मागे ठेवतो, आणि सावळ्या कातडीवर असा डाग महिनोन्‌महिने जात नाही. मला उपयोगी पडलं ते म्हणजे दोन दिवस थांबून खरखरीत पंच्याने हलकं घासणं, आठवड्यातून एक-दोनदा सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन, आणि त्या दोन दिवसांत घट्ट लेगिंग्ज न घालणं. त्या लेगिंग्जनी जेवढ्या पुटकुळ्या आणल्या तेवढ्या मशीननेही आणल्या नसतील.

आता आयपीएल. ऑनलाइन दुकानांत निम्म्या ठिकाणी त्याला 'लेझर' म्हणून विकतात. ते लेझर नाही. लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो. आयपीएलमध्ये दिव्याचा झगझगीत फ्लॅश गाळून वापरतात, त्यात अनेक तरंगलांब्या एकत्र असतात. तत्त्व मात्र एकच: केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, प्रकाश शोषतं, तापतं, आणि ती उष्णता मुळाला इजा करते. ठरावीक रंगाचं लक्ष्य प्रकाशाने निवडून तापवता येतं आणि आजूबाजूचं बरंचसं वाचवता येतं, हे अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं. आजची केस काढायची सगळी लेझरं त्यावर उभी आहेत.

अडचणही तिथेच आहे. मेलॅनिन केसात असतं तसं कातडीतही असतं. कातडी जितकी सावळी तितका प्रकाश केसापर्यंत पोचायच्या आत तिथेच अडतो, आणि कातडीच तापते. म्हणून डब्यावर रंगांच्या चौकोनांची पट्टी छापलेली असते. ती त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केलेल्या कातडीच्या वर्गवारीवर बेतलेली आहे. एक म्हणजे अगदी गोरा, सहा म्हणजे गडद काळा. आपल्याकडचे बहुतेक लोक तीन ते पाचमध्ये बसतात. घरगुती मशीन बहुधा चारपर्यंत, काही पाचपर्यंत चालतात, सहासाठी नाहीत. विकत घ्यायच्या आधी ती पट्टी मोबाइलच्या पडद्यावर बघून ठरवू नका. पडद्याचा उजेड कमी-जास्त केला की तुमचा रंगही बदलतो. दुकानात जाऊन डबा हाताला लावून बघा, तोही दिवसाच्या उजेडात.

माझ्या मशीनला रंग ओळखणारा सेन्सर आहे. पोटरीवर टेकवली की हिरवा दिवा, फ्लॅश. काखेत टेकवली की दिवा लाल, बटण दाबलं तरी काही नाही. काख, कोपर, गुडघ्याच्या मागचा भाग, म्हणजे जिथे जिथे आपली कातडी उरलेल्या अंगापेक्षा गडद असते, तिथे ती ठाम नकार देते. पहिल्यांदा चिडचिड झाली, कारण काखांसाठीच तर घेतली होती. पण सेन्सर बरोबर होता. त्याला फसवायच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतात, पावडर लाव, कोन बदल वगैरे. कृपा करून करू नका. भाजल्यानंतर राहणारा काळा पट्टा केसांपेक्षा कितीतरी वाईट दिसतो. माझ्या काखांना शेवटी साधा ट्रिमरच आहे, आणि त्यात काही बिघडलेलं नाही.

पायांवर मात्र काम झालं. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, असं वेळापत्रक असतं. ते पाळावं लागतं, कारण केस एकाच वेळी सगळे वाढत नसतात. वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसावरच प्रकाशाचा नीट परिणाम होतो, बाकीचे झोपलेले असतात आणि पुढच्या खेपेला भेटतात. पहिला दीड महिना मला काहीच फरक दिसला नाही. मग नडगीवर टकलासारखे चट्टे दिसू लागले, मध्येच केस, मध्येच नाही. सहा महिन्यांनी पोटरीवरचे केस निम्म्याहून कमी झाले असतील. मे महिन्यात तारकर्लीला गेलो, उन्हात पाय चांगलेच रापले, म्हणून ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. रापलेल्या कातडीवर आयपीएल मारायचं नसतं. तेवढ्या खंडात बरेच केस परतले. अमेरिकेची एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था, या यंत्रांना 'कायमचे केस काढणारी' म्हणू देत नाही, केस कायमचे कमी करणारी एवढंच म्हणते. त्या कमी होण्यासाठीही अधूनमधून फ्लॅश मारत राहावं लागतं.

हातांवर जवळजवळ शून्य. माझ्या हातावर लव आहे, बारीक आणि फिकी. शोषून तापायला तिच्यात पुरेसं मेलॅनिनच नाही.

आणखी एक गोष्ट. आयपीएलच्या आधी रेझर फिरवावा लागतो, वॅक्स किंवा एपिलेटर चालत नाही, कारण मूळ जागेवर असलं तरच उष्णता तिथपर्यंत जाईल. म्हणजे दोन्ही मशीन एकाच पायावर एकाच काळात वापरणं म्हणजे पैसे पाण्यात. आईने रेझर पाहिला आणि सुरू झाली, "ब्लेड लावू नकोस गं, दाढीसारखे राठ येतील!" आमच्या घरात हा ब्रह्मवाक्याच्या तोडीचा नियम आहे. पण दाढी केल्याने केस जाड किंवा वेगाने येत नाहीत, हे मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच तपासून दाखवलं होतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून खुंट बोटाला टोचतो, एवढंच. आईला हे पटलेलं नाही.

रेझर नीट फिरवला नाही तर उरलेले खुंट फ्लॅशमध्ये जळतात. जळका वास येतो आणि मशीनच्या काचेवर बारीक काळे ठिपके चिकटतात. ते प्रत्येक वेळी मऊ कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर पुढच्या फ्लॅशला तो ठिपकाच तापतो आणि कातडीला चटका बसतो. डोळे मिटले तरी पापण्यांतून उजेड जाणवतो, म्हणून मी तोंड बाजूला वळवते. तीळ, टॅटू, पांढरे-काळे डाग यांवर मारायचं नाही. गरोदरपणात नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि पहिल्यांदा पायाच्या एका कोपऱ्यात सगळ्यात खालच्या पातळीवर मारून दोन दिवस थांबा.

चेहऱ्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, तर माझं उत्तर स्पष्ट आहे: घरच्या आयपीएलने हनुवटी आणि जबड्याची कड करू नका. कमी ताकदीच्या प्रकाशाने काही जणींचे केस कमी व्हायच्या ऐवजी उलट वाढतात, लव होती तिथे राठ केस येतात. हे चेहऱ्यावर आणि मानेवर, सावळ्या कातडीत आणि पीसीओएस (हार्मोन्स आणि पाळी बिघडवणारा विकार) असलेल्या बायकांमध्ये जास्त दिसलेलं आहे. माझ्या मामेबहिणीला हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले, पाळीही लांबायला लागली होती. तिने मशीन मागितली, मी दिली नाही, आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. पीसीओएसच निघालं. आतले हार्मोन्स केस वाढवतच असतील तर वरून काढून काय होणार? तिचं आता त्वचारोगतज्ज्ञाकडे एनडी-याग लेझर चालू आहे, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं. त्याचा प्रकाश कातडीत खोल जातो आणि वरच्या थरातलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं, म्हणून गडद रंगाला ते जास्त सुरक्षित. असं काम घरगुती मशीन करूच शकत नाही.

खरेदीचं म्हणाल तर फ्लॅशच्या आकड्याला भुलू नका. तीन लाख, पाच लाख, 'अनलिमिटेड' असं मोठ्या अक्षरांत छापतात. दोन्ही पायांना एका वेळी हजार फ्लॅश लागले असं उदारपणे धरलं तरी तीन लाखांची मशीन तीनशे वेळा पुरेल. महिन्यातून दोनदा म्हटलं तर बारा वर्षं. तोवर तिची वायरच टिकणार नाही. बघायचं ते दर चौरस सेंटिमीटरला किती जूल ऊर्जा मिळते, रंगाची पट्टी कुठपर्यंत आहे, सेन्सर आहे की नाही, आणि बिघडली तर इथे दुरुस्ती होते की नाही. 'आइस कूलिंग'ने चटका कमी लागतो, पण केस जास्त जात नाहीत. माझ्या मशीनचा पंखा काही महिन्यांत घरघरायला लागला. बदलून मिळाली, पण तेवढ्यासाठी बिलाची प्रत, फोन, व्हिडिओ काढून पाठवणं, असा बराच घोळ झाला. परदेशातून कुणी आणून दिली असती तर ती आज माळ्यावर पडली असती.

फक्त पोटऱ्यांचा प्रश्न असेल आणि बजेट पाच हजारांच्या आत असेल, तर मी आजही एपिलेटरच घ्यायला सांगेन. आयपीएल त्याच्या कित्येक पट महाग पडतं, आणि वेळापत्रक पाळणारी बाई असेल तरच वसूल होतं.

मावशीने माझी मशीन बघून आपल्या हनुवटीवरच्या चार-पाच पांढऱ्या केसांसाठी मागितली होती. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, त्यामुळे त्यावर आयपीएलही चालत नाही आणि लेझरही नाही. त्याला इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे एकेका मुळात बारीक सुई घालून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडणं. १८७५ मध्ये सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी पापणीचे डोळ्यात टोचणारे केस काढायला ती पद्धत वापरली होती, आणि केसाचा रंग कुठलाही असो, ती चालते. मावशीला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "या वयात हनुवटीत सुया कोण टोचून घेतंय? त्यापेक्षा मला तो दिवा असलेला, मोठं दिसणारा आरसा आण." आरसा आणि चांगल्यापैकी चिमटा, दोन्ही मिळून हजारात बसलं.